तालीम : एक शब्द, दोन अर्थ

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



दहावीनंतर कोणत्या शाखेला जावे, याविषयी माझ्या आधीच्या वक्त्यांनी आपणांस उपयुक्त माहिती दिली आहे. विज्ञान, वाणिज्य व कला या तिन्ही शाखांबद्दल बोलून झाल्यावर उरलेल्या वेळात मी शारीरिक शिक्षणावर चार शब्द बोलावेत, अशी मला सूचना आहे. हा विषय असा उरलेल्या वेळात येतो, यात संयोजकांचा काही दोष नाही. शाळांच्या वेळापत्रकातही तो तसाच येतो. शेवटचा तास, आणि तोही गणिताचा धडा राहिला नसेल तर!

मी स्वतः बी.ए., बी.एड. असून इतिहास व मराठी शिकवतो. शारीरिक शिक्षणाची पदवी माझ्याजवळ नाही. तरी वर्गशिक्षक या नात्याने वाढत्या वयाची मुले मी रोज पाहतो. त्यावरून माझे असे मत झाले आहे की, अकरावी-बारावीच्या वयात हा विषय मन लावून, पुस्तक व मैदान दोन्ही धरून शिकण्याजोगा आहे. आणि तो न शिकल्याची किंमत आपली मुले, त्यातही मुली, पुढे मोजत असतात. हे मत आपणांपुढे मांडून त्याची कारणे सांगावीत, एवढाच माझा हेतू आहे.

प्रथम एका शब्दाकडे आपले लक्ष वेधतो. आपल्या घरी 'तालीम' म्हटले की शिक्षण. मुलाला चांगली तालीम द्या, असे आपले वडीलधारे सांगत आले. हाच अरबी शब्द मराठीत आला आणि त्याचा अर्थ झाला व्यायामशाळा, कुस्तीचा आखाडा. उस्ताद आला तो वस्ताद झाला. कसरत, खुराक, मैदान हे शब्दही याच वाटेने मराठीत येऊन कायमचे मराठी झाले. परंड्यासारख्या गावात आपण दोन्ही भाषा बोलतो, म्हणून तालीम या शब्दाचे दोन्ही अर्थ आपल्या कानांना सारखेच ओळखीचे आहेत. ज्यांनी तो शब्द आखाड्यासाठी वापरला, त्यांना शरीर कमावणे हेही शिकणेच आहे, त्यालाही गुरू लागतो, क्रम लागतो, शिस्त लागते, हे ठाऊक होते. पुढे आपण या दोन अर्थांची फारकत केली. हुशार मुलाने पुस्तक घ्यायचे आणि ज्याला पुस्तक जमत नाही त्याने मैदानावर जायचे, अशी वाटणी झाली. या वाटणीने दोघांचेही नुकसान झाले.

आता या विषयात शिकण्यासारखे असते तरी काय, असे कोणी विचारील. शिट्टी वाजली की उड्या मारायच्या, यासाठी पुस्तक कशाला? तर केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या, म्हणजे सी.बी.एस.ई.च्या, अकरावी-बारावीत शारीरिक शिक्षण हा ऐच्छिक विषय आहे. शाळेत सोय असेल तर कोणत्याही शाखेचा विद्यार्थी तो घेऊ शकतो. शंभर गुणांपैकी ७० गुण लेखी परीक्षेला आणि ३० प्रात्यक्षिकाला. लेखी भागात शरीररचना व शरीरक्रिया, हालचालींमागचे गतिशास्त्र, आहारशास्त्र, खेळाडूचे मानसशास्त्र, दुखापती, प्रशिक्षणाच्या पद्धती, क्षमता मोजण्याच्या चाचण्या, स्पर्धांचे नियोजन, स्त्रिया व बालकांचे खेळ, तसेच दिव्यांग मुलांसाठी शारीरिक शिक्षण असे भाग आहेत. प्रात्यक्षिकात क्षमता चाचणी, एखाद्या खेळातील कौशल्य, योगासने, नोंदवही व तोंडी परीक्षा असते. इंग्लंडमध्ये बारावीच्या तोडीची जी ए-लेव्हल परीक्षा आहे, तिच्यातही हा विषय असून तेथेही लेखी ७० टक्के आणि प्रत्यक्ष कामगिरी ३० टक्के असेच प्रमाण आहे. म्हणजे नुसता चांगला खेळाडू यात पहिला येत नाही आणि नुसता पाठांतर करणाराही येत नाही.

आपल्या महाराष्ट्र राज्य मंडळाची स्थिती थोडी वेगळी आहे. येथे 'आरोग्य व शारीरिक शिक्षण' हा विषय अकरावी-बारावीच्या सर्वच विद्यार्थ्यांना सक्तीचा आहे. परंतु त्याची मंडळाची लेखी परीक्षा नसते. महाविद्यालय श्रेणी देते आणि ती श्रेणी टक्केवारीत धरली जात नाही. धोरण चांगले आहे, कारण विषय सर्वांना मिळतो. पण जे टक्केवारीत नाही ते आपल्याकडे मनातही नसते, हा अनुभव आहे. अनेक ठिकाणी मैदानावर पाऊल न टाकताही गुणपत्रिकेवर श्रेणी उमटते. विद्यार्थी खूश, पालक बेफिकीर, आणि दोन वर्षे निघून जातात.

या दोन वर्षांची किंमत केव्हा कळते, ते सांगतो. आपल्या भागातील पुष्कळ मुलांचे स्वप्न पोलीस भरतीचे असते. बारावी उत्तीर्ण एवढी शैक्षणिक अट. महाराष्ट्रात शिपाई पदासाठी मैदानी चाचणी ५० गुणांची आणि लेखी परीक्षा १०० गुणांची असते. मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर धावण्यास २० गुण, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. मैदानी चाचणीत निम्मे गुण मिळाले तरच लेखी परीक्षेचा विचार. आता आपली मुले काय करतात? जाहिरात आली की पहाटे डांबरी रस्त्यावर धावू लागतात. पहिल्याच आठवड्यात जुने बूट घालून पाच-पाच किलोमीटर. महिन्याभरात नडगीच्या हाडाला आतल्या बाजूने कळ येऊ लागते. मुलगा म्हणतो, नशीबच खोटे. यात नशिबाचा काही संबंध नाही. कठीण जमिनीवर धावण्याचे प्रमाण एकदम वाढवले म्हणजे हाडाला व स्नायूंना सावरायला वेळ मिळत नाही, त्याचा हा परिणाम असतो. धावणे कमी करावे, मातीवर धावावे, आठवड्या-आठवड्याने थोडे थोडे वाढवावे, हे बारावीच्या शारीरिक शिक्षणाचे साधे ज्ञान आहे.

दुसरे उदाहरण. १०० मीटर आणि १६०० मीटर ही दोन्ही धावणीच, म्हणून मुले दोन्हींसाठी एकच सराव करतात, रोज मैदानाला ठरावीक फेऱ्या. वास्तविक शंभर मीटरची धाव ही स्नायूंत साठलेल्या शक्तीवर होते. तेवढ्या वेळात श्वासातून घेतलेला प्राणवायू कामी येण्यास अवधीच नसतो. उलट १६०० मीटरची शक्ती मुख्यतः प्राणवायूच्या साहाय्याने तयार होते, म्हणजे तेथे हृदय व फुप्फुसांची कसोटी. एकाला कमी अंतराच्या जोरदार धावा व मध्ये पुरती विश्रांती हवी, दुसऱ्याला लांब धाव आणि टप्प्याटप्प्याचा सराव हवा. चारशे मीटर धावायचे, थोडे चालायचे, पुन्हा धावायचे, अशी ही टप्प्यांची पद्धत जर्मनीत १९३० नंतरच्या दशकात गेर्शलर या प्रशिक्षकाने शास्त्रशुद्ध केली. त्याचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग याने १९३९ साली ८०० मीटर अंतर १ मिनिट ४६.६ सेकंदांत धावून जागतिक विक्रम केला. या पद्धतीला पैसा लागत नाही. एक घड्याळ आणि समजून घेणारे डोके पुरते.

तिसरे, गोळाफेक. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा, मुलींचा ४ किलोचा. आपल्या गावच्या किल्ल्याशी मुलूखमैदान तोफेचे नाव जोडलेले आहे. १५४९ साली अहमदनगरला ओतलेली ही तोफ परंड्याच्या किल्ल्यावर होती आणि १६३२ साली ती विजापूरला नेली गेली, हे आपण इतिहासात शिकतो. तोफेचा गोळा असो की हातातला गोळा, तो किती दूर जाईल हे वेग, कोन आणि सुटण्याची उंची या तीन गोष्टींवर ठरते. जमिनीच्या पातळीवरून सोडलेली वस्तू हवेचा विरोध सोडल्यास ४५ अंशांच्या कोनात सर्वांत दूर जाते, हे विज्ञानाचे विद्यार्थी जाणतात. पण माणसाचा गोळा खांद्याच्याही वरून सुटतो, आणि फार वरच्या दिशेने ढकलताना अंगातला जोर कमी पडतो. म्हणून चांगले गोळाफेकपटू साधारण ३५ ते ४० अंशांच्या कोनात गोळा सोडतात. जोर येतो तोही नुसत्या दंडातून नव्हे. तो पायातून निघून कमरेतून खांद्यात येतो. हे ज्याला उमगले त्या किरकोळ अंगाच्या मुलाचा गोळाही बघता बघता पुढे पडू लागतो. भौतिकशास्त्र फळ्यावर कंटाळवाणे वाटते, असे सांगणारा मुलगा येथे ते हाताने शिकतो.

मित्रहो, शारीरिक शिक्षण शिकून माणूस किती उंच जाऊ शकतो, याचे एक उदाहरण आपल्या जवळचे आहे. १९४८ पूर्वी आपला जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. त्याच हैदराबादेत १९०९ साली सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म झाला. ते उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर आणि व्यवसायाने शाळामास्तर. मुलांना शिकवता शिकवता त्यांनी शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि शाळांतील खेळांचे काम हाती घेतले. पुढे हैदराबाद सिटी पोलीस संघाला त्यांनी असे घडवले की, १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे त्या संघाने रोव्हर्स चषक जिंकला. भारताच्या फुटबॉल संघाचे ते प्रशिक्षक झाले. १९५१ च्या पहिल्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक आणि १९६२ साली जकार्तामध्ये दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून पुन्हा सुवर्ण. त्या वेळी ते कर्करोगाने आजारी होते, आणि १९६३ च्या जूनमध्ये त्यांचे निधन झाले. २०२४ साली त्यांच्यावर 'मैदान' नावाचा चित्रपट आला, तो आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल.

मला त्यांच्या पदकांइतकेच त्यांच्या शिकवण्याचे नवल वाटते. जो पाय कच्चा त्याच पायाने चेंडू मारायचा, अशा स्पर्धा ते भरवीत. चेंडू पायात घोळवत बसायचे नाही, लगेच सोबत्याला द्यायचा, अशाही स्पर्धा ते घेत. म्हणजे उणीव कोठे आहे ते ओळखून तिच्यावरच सराव बेतायचा. हे शिक्षणशास्त्र आहे. आम्ही बी.एड.ला जे पुस्तकातून शिकलो, ते रहीमसाहेबांनी मैदानावर करून दाखवले. त्यांच्यापाशी तालीम या शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र नांदत होते.

आता मुलींविषयी. हा भाग माता-पित्यांनी जरा लक्षपूर्वक ऐकावा, अशी विनंती आहे. सातवी-आठवीपर्यंत मुलगी धावते, लंगडी खेळते. पुढे हळूहळू ती मैदानाच्या कडेला बसू लागते आणि अकरावीत तर मैदानाकडे तिची पाठच असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत देशातील १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी, म्हणजे पंडुरोग, आढळला. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, ५ ते १७ वर्षांच्या मुला-मुलींना रोज सरासरी ६० मिनिटे दमवणारी हालचाल हवी. आपल्या मुलींना ती मिळते का, याचा हिशेब प्रत्येकाने घरी बसून करावा. शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमात आहार, मासिक धर्म, हाडांची मजबुती, पंडुरोग हे सर्व विषय येतात. जी मुलगी हे शिकेल, ती उद्या आपले घर आणि आपली लेकरे अधिक समजून सांभाळील.

आणि मैदानावर पुढे जाणाऱ्या मुली काही परदेशातून येत नाहीत. आपल्याच जिल्ह्यातील सारिका काळे २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या महिला खो-खो संघाच्या कर्णधार होत्या. संघाने सुवर्णपदक मिळवले. २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि राज्य शासनाच्या क्रीडा खात्यात त्या अधिकारी झाल्या. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. महिलांच्या अंतिम सामन्यात भारताने नेपाळला ७८-४० असे हरवले. त्या विजयी संघात आपल्या धाराशिवची अश्विनी शिंदे होती. निजामाबाद हेही जुन्या हैदराबाद संस्थानातलेच शहर. तेथील निखत झरीन २०२२ व २०२३ अशी सलग दोन वर्षे मुष्टियुद्धात जगज्जेती झाली. पोशाखाचा प्रश्न पुष्कळ घरांत निघतो, म्हणून सांगतो. फुटबॉलच्या जागतिक संघटनेने २०१४ साली आणि बास्केटबॉलच्या संघटनेने २०१७ साली डोके झाकून खेळण्यास नियमानेच परवानगी दिली. पूर्ण बाह्यांचा सदरा, पायघोळ विजार आणि डोक्यावर घट्ट बसणारा कपडा घालून मुलगी धावू शकते, खेळू शकते. अडचण कपड्याची असेल तर ती सुटण्यासारखी आहे. मुलींसाठी स्वतंत्र वेळ व शिक्षिका असावी, ही पालकांची अपेक्षाही रास्तच आहे. ती संस्थेकडे जरूर मागावी. पण मागणी पूर्ण होईपर्यंत मुलीला बसवून ठेवू नये.

रमजानच्या महिन्याचाही प्रश्न मुले विचारतात. रोजा असताना भर दुपारी मराठवाड्याच्या उन्हात धावण्यात शहाणपण नाही. अंगातले पाणी कमी होऊन उष्माघाताचा धोका असतो. सराव हलका ठेवावा, तो इफ्तारच्या आधी थोडा वेळ किंवा इफ्तारनंतर काही वेळाने घ्यावा, आणि रात्री पुरेसे पाणी प्यावे. शास्त्र समजले म्हणजे रोजा आणि सराव यांचा मेळ घालता येतो.

आता पुढच्या वाटांविषयी. पदवीनंतर बी.पी.एड. हा अभ्यासक्रम पूर्वी एक वर्षाचा होता, तो २०१५ पासून दोन वर्षांचा झाला आहे. महाराष्ट्रात त्याच्या प्रवेशासाठी लेखी परीक्षेबरोबर मैदानी चाचणीही द्यावी लागते. पुढे एम.पी.एड. आहे. खेळाचा प्रशिक्षक व्हायचे असेल तर १९६१ साली स्थापन झालेली पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था आहे. आपल्या राज्यात अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून हे काम करीत आहे. त्याच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तेथे देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. याखेरीज भौतिकोपचार, आहारतज्ज्ञ, क्रीडा पत्रकारिता या क्षेत्रांतही या विषयाचा पाया उपयोगी पडतो. प्रावीण्य मिळवलेल्या खेळाडूंना राज्य शासकीय नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, आणि दहावी-बारावीला पात्र खेळाडूंना वाढीव गुणही मिळतात.

मात्र येथे दोन गोष्टी स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. पहिली, हा विषय सोपा आहे, टक्के वाढतील, या समजुतीने कोणी तो घेऊ नये. घेतला तर अभ्यास करावाच लागेल. बी.पी.एड. केले म्हणजे लगेच शाळेत नोकरी ठेवलेली आहे, असेही नाही. शिक्षकांच्या जागा मर्यादित असतात, हे आम्ही शिक्षकच सर्वांत जास्त जाणतो. म्हणून पदवीचे विषयही चांगले घ्यावेत आणि दुसरी वाटही मोकळी ठेवावी. दुसरी गोष्ट, क्रीडा प्रमाणपत्रांची पडताळणी होते. कोणी पैसे घेऊन प्रमाणपत्र मिळवून देतो म्हणाला, तर त्याच्या दारात उभे राहू नये. खोट्या कागदावर मिळालेली नोकरी टिकत नाही आणि खऱ्या खेळाडूचा हक्क मात्र बुडतो.

शेवटी तीन विनंत्या करतो. पालकांना विनंती अशी की, प्रगतीपुस्तक हाती आले म्हणजे गणित, विज्ञान, इंग्रजीचे गुण जरूर पाहा. पण शारीरिक शिक्षणाच्या श्रेणीवरही बोट ठेवून विचारा की, बाळ, ही कशाबद्दल मिळाली? वर्षभरात काय केलेस? हा एक प्रश्न घरोघर विचारला गेला तर शाळेचा तास आपोआप मैदानावर भरेल. संस्थेच्या चालकांना विनंती अशी की, विषय सक्तीचा आहेच, तर त्याचा तास इतर विषयांना उसना देऊ नये. मुलांच्या क्षमता चाचण्या वर्षातून दोनदा घेऊन त्यांची नोंद पालकांना कळवावी. यासाठी मोजपट्टी, घड्याळ आणि आखलेले मैदान पुरेसे आहे. विद्यार्थ्यांना विनंती अशी की, आजपासून एक वही घाला. किती धावलो, किती वेळ लागला, काय खाल्ले, किती झोपलो, कोठे दुखले, हे तिच्यात रोज लिहा. तीन महिन्यांनी ती वही उघडा. तुमच्या शरीराविषयी जे कोणत्याही पुस्तकात छापलेले नाही, ते तुमच्याच अक्षरात तुम्हाला वाचायला मिळेल. आणि ज्यांना सी.बी.एस.ई.च्या शाळेत हा विषय घेण्याची संधी आहे, त्यांनी तो आवडत असेल तर लोक काय म्हणतील याची भीती न बाळगता घ्यावा.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासाचे विषय आणि अभ्यासेतर उपक्रम यांच्यातील भिंत नको, असे म्हटले आहे. धोरण कागदावर आले; ते मैदानावर उतरवणे आपल्या हाती आहे.



खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र!